लेकराला रक्त चढवताना: बालरोग विभागात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी

बालरोग विभागात पहिल्या वर्षाला रुजू होणाऱ्या डॉक्टरला रक्तगटांचं शास्त्र तोंडपाठ असतं. ए, बी, ओ कुणी शोधले, आरएच म्हणजे काय, गट चुकला की तांबड्या पेशी कशा फुटतात, हे सगळं परीक्षेत लिहून झालेलं असतं. अडतं ते रात्री दोन वाजता. सत्तरीतल्या एखाद्या गावातून १०८ रुग्णवाहिकेने आठ किलोचं मूल बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात येतं, हिमोग्लोबिन ४.२, श्वास जोरात, यकृत हाताला लागतंय. रक्तपेढीचा फॉर्म समोर असतो आणि त्यावर नेमकं काय लिहायचं, किती मिली, किती तासांत, कोणत्या नळ्या आधी काढून ठेवायच्या, हे त्या क्षणी विचारायला जवळ कुणी नसतं.

हा लेख त्या रात्रीसाठी आहे. फक्त गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्याच नाही, तर म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत काम करणाऱ्या, सावंतवाडी किंवा दोडामार्गहून मुलं पुढे पाठवणाऱ्या तरुण डॉक्टरांनाही तो उपयोगी पडावा. इथले आकडे बालरोगात सर्वत्र वापरले जाणारे आहेत. तुमच्या विभागाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तो आधी वाचा. आकड्यात फरक दिसला तर त्यामागचं कारण वरिष्ठांना विचारा, म्हणजे तो आकडा कायमचा लक्षात राहतो.

पायरी १: रक्त खरंच हवं आहे का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. गोव्यातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. या सगळ्यांना रक्त लागत नाही, बहुतेकांना लोह लागतं. दीड वर्षाचं मूल, दिवसाला लिटरभर दूध पितं, भात-आमटीला तोंड लावत नाही, हिमोग्लोबिन ६.३, आणि तुमच्या स्टेथोस्कोपची नळी ओढत हसतंय. अशा मुलाला तोंडाने लोह द्या, रोज किलोमागे ३ मिग्रॅ मूलद्रव्यरूप लोह. आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) वर जातात, महिन्याभरात हिमोग्लोबिन. फक्त आकडा पाहून त्याला रक्त चढवणं म्हणजे अनोळखी दात्याच्या पेशींचा धोका विनाकारण घेणं.

ढोबळ मर्यादा अशा. रक्तस्राव नाही, रक्ताभिसरण स्थिर आहे, जन्मजात निळेपणाचा हृदयविकार नाही, अशा मुलाला हिमोग्लोबिन ७ च्या वर असताना सहसा रक्त लागत नाही. अतिदक्षता विभागातल्या स्थिर मुलांमध्ये ७ आणि ९.५ या दोन मर्यादांची तुलना करणारी ट्रिपिक्यू चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ७ ची मर्यादा पाळलेल्या मुलांचे अवयव काही जास्त निकामी झाले नाहीत, रक्त मात्र खूपच कमी लागलं. हळूहळू वाढलेल्या, जुन्या रक्तक्षयात मर्यादा आणखी खाली जाते. ४ च्या खाली रक्त द्यायचं. ४ ते ६ च्या दरम्यान मुलाकडे बघून ठरवायचं: धाप, कण्हणं, वाढलेलं यकृत, गॅलप (हृदयाचा घोडदौडीसारखा जादा ठोका), सुस्ती, दूध ओढता न येणं. युगांडा आणि मलावीमधल्या ट्रॅक्ट चाचणीत (२०१९) या गटातल्या, गंभीर लक्षणं नसलेल्या मुलांना लगेच रक्त देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. पण तिथे न दिलेल्या मुलांवर बारीक लक्ष होतं आणि बिघडल्यास लगेच रक्त मिळत होतं. मूल घरी पाठवून 'बघू' म्हणायला ती चाचणी आधार देत नाही.

वाहतं रक्त, शॉक, मलेरियात झपाट्याने फुटणाऱ्या पेशी, अशा वेळी आकड्याची वाट पाहू नका. रक्त नुकतंच गेलेलं असताना हिमोग्लोबिन खोटं चांगलं दिसतं.

पायरी २: रक्त चढवण्याआधीच्या नळ्या

या पायरीवर मी थोडा जास्त रेंगाळतो, कारण इथे राहून गेलेलं पुढे महिनोन्‌महिने भरून निघत नाही.

एकदा दात्याच्या पेशी मुलाच्या रक्तात मिसळल्या की पुढचे सुमारे तीन महिने हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी भरवशाची राहत नाही. थॅलेसीमियाचं मूल असेल तर निदान लांबतं. दरम्यान आईला दुसरे दिवस गेलेले असतात आणि त्या गर्भाची तपासणी करायची वेळ टळून जाते. तांबड्या पेशींतल्या जी६पीडी या विकराची पातळी दात्याच्या पेशींमुळे खोटी नॉर्मल येते. स्मिअरमध्ये (काचेवर पसरून पाहिलेल्या रक्तात) दोन प्रकारच्या पेशी एकत्र दिसून गोंधळ होतो. लोह, फेरिटिन, बी१२ यांचंही तेच.

म्हणून कारण माहीत नसलेला रक्तक्षय दिसला की कॅन्युला घालतानाच नळ्या भरून घ्या: सीबीसी (पेशींची मोजणी) आणि स्मिअर, रेटिक, गट आणि क्रॉसमॅच (दात्याचं रक्त मुलाच्या रक्ताशी जुळवून पाहणं), डायरेक्ट कूम्ब्स (पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी), एचपीएलसीसाठी एक ईडीटीए (रक्त गोठू न देणारी नळी), आणि एक साधी नळी सीरम काढून फ्रीजमध्ये ठेवायला. रात्री प्रयोगशाळेत एचपीएलसी होत नसेल तर ती ईडीटीए नळी नाव, तारीख, वेळ आणि 'रक्त देण्यापूर्वी' असं लिहून प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगा आणि केस पेपरवर तशी नोंद करा. सकाळच्या पाळीतला डॉक्टर ती शोधेल. नोंद नसेल तर ती नळी कचऱ्यात जाते.

लहान बाळांत मात्र दर नळीचा हिशेब ठेवा. एक किलोच्या मुदतपूर्व बाळाच्या अंगात सगळं मिळून ९०-१०० मिली रक्त असतं. रोज दोन-दोन मिली काढत राहिलात तर आठवडा-पंधरवड्यात तुम्हीच त्याला रक्तक्षयी करता. नवजात विभागात रक्त चढवण्याचं मोठं कारण आपणच काढलेले नमुने असतात. लहान नळ्या वापरा, तपासण्या एकत्र करा, आणि प्रसूतीच्या वेळी नाळ मिनिटभर थांबून बांधली जाते ना, याकडे प्रसूती विभागातल्या सहकाऱ्यांसोबत लक्ष द्या.

पायरी ३: मागणी मिलीमध्ये लिहा

मोठ्यांच्या वॉर्डात 'एक पीसीव्ही द्या' असं लिहितात, म्हणजे पॅक्ड सेलची, बराचसा प्लाझ्मा काढलेल्या तांबड्या पेशींची, एक पिशवी. बालरोगात हे वाक्य धोक्याचं आहे. पॅक्ड सेलची पिशवी साधारण २०० ते ३०० मिलीची. आठ किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून ६०० ते ६४० मिली रक्त. म्हणजे 'एक पिशवी' लिहिताना तुम्ही त्याच्या एकूण रक्ताच्या चाळीस टक्क्यांएवढा भार थकलेल्या हृदयावर टाकायला सांगताय.

हिशेब सोपा आहे. वजन (किलो) गुणिले हिमोग्लोबिनमध्ये हवी असलेली वाढ, गुणिले ४. काही विभाग पिशवीतल्या द्रावणानुसार ५ ने गुणतात. समजा बारा किलोच्या मुलीचं शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ६ आहे, ते ९ वर न्यायचं आहे: १२ × ३ × ४ = १४४ मिली, म्हणजे किलोमागे १२ मिली. तीन तासांत द्यायचे तर ताशी ४८ मिली. नेहमीची मात्रा किलोमागे १० ते १५ मिली, गती किलोमागे ताशी २ ते ५ मिली, आणि मूल कितीही मोठं असलं तरी ताशी १५० मिलीच्या वर सहसा जात नाहीत. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये हे गतीचे नियम लागू नाहीत, तिथे सिरिंजने ढकलावं लागतं.

आता सुरुवातीच्या आठ किलोच्या मुलाकडे येऊ. हिमोग्लोबिन ४.२, हृदय थकलेलं. त्याचं शरीर महिनोन्‌महिने या पातळीशी जुळवून घेत आलंय, त्याला एका रात्रीत ११ वर न्यायची गरज नाही. किलोमागे ५ मिली, म्हणजे ४० मिली, चार तासांत, ताशी १० मिली. मग पुन्हा तपासा, आणि गरज असेल तर दुसरे ४० मिली. फुरोसेमाइड (लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणारं औषध) सगळ्यांना सवयीने नको. हृदय निकामी होण्याची चिन्हं असतील तर विचार करून, किलोमागे अर्धा ते एक मिग्रॅ.

दुसऱ्या खेपेचे ४० मिली कुठून येणार? एकदा टोचलेली पिशवी चार तासांच्या वर वापरता येत नाही. म्हणून रक्तपेढीला आधीच सांगा की मूल लहान आहे, दोन-तीन वेळा थोडं थोडं लागेल. एकाच दात्याची पिशवी छोट्या जोडपिशव्यांत विभागून देण्याची सोय असेल तर तीच मागा. एका दात्यावर भागलं तर उरलेल्या दात्यांचा धोका टळतो.

फॉर्मवर आणि आदेशात इतकं असलं पाहिजे: घटक कोणता, किती मिली, किती तासांत, ताशी गती, कारण, मुलाचं आजचं वजन, पूर्वी रक्त दिलंय का, पूर्वी रिअ‍ॅक्शन आली होती का. आजचं वजन म्हणजे आज काट्यावर घेतलेलं. आईच्या आठवणीतलं किंवा जुन्या कार्डावरचं चालणार नाही.

पायरी ४: नमुना, लेबल आणि एकाच वॉर्डातले दोन नाईक

गट न जुळलेलं रक्त जाण्यामागे बहुतेक वेळा प्रयोगशाळेची चूक नसते. नमुना दुसऱ्याच मुलाचा असतो, किंवा पिशवी दुसऱ्याच मुलाला लागते. मोठा माणूस आपलं नाव सांगतो, आठ महिन्यांचं मूल सांगत नाही. आणि गोव्यातल्या कुठल्याही वॉर्डात एका वेळी दोन नाईक आणि तीन गावकर असणं अगदी नेहमीचं. नवजात विभागात तर सगळीच आईच्या नावाची बाळं, त्यात जुळी असली तर नाव-आडनाव-गाव सगळं एकच.

नमुना घेताना नाव विचारायची पद्धत बदला. 'हा रोहन ना?' असं विचारलं की घाबरलेली आई मान हलवते, तुम्ही कोणतंही नाव घेतलंत तरी. तिलाच बोलू द्या: 'भुरग्याचें नांव कितें?' (मुलाचं नाव काय?) मराठीत, कोंकणीत, कन्नडमध्ये, तिला जी भाषा येते तीत. तिने सांगितलेलं नाव आणि मनगटावरच्या पट्टीवरचं नाव व इस्पितळाचा क्रमांक जुळवा. मग नळी भरा, आणि लेबल तिथेच, पाळण्याशेजारी उभं राहून, स्वतःच्या हाताने लिहा. आधीच लेबल लावलेल्या रिकाम्या नळ्यांचा ट्रे घेऊन वॉर्डात फिरू नका. भरलेली नळी खिशात टाकून नर्सिंग स्टेशनवर जाऊन लिहू नका. या एका सवयीने बरेच जीव वाचतात.

पहिल्यांदाच गट काढला जात असेल तर वेगळ्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यावर तो पडताळा. रक्तपेढी दुसरा नमुना मागते म्हणून वैतागू नका. पूर्वी गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलं असेल तर जुना नमुना चालत नाही, ७२ तासांच्या आतला ताजा लागतो, कारण नवी प्रतिपिंडं तयार झालेली असू शकतात.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट मनात असावी. बॉम्बे रक्तगट १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी प्रथम वर्णन केला. नेहमीच्या तपासणीत हा गट 'ओ' सारखा दिसतो, पण त्या व्यक्तीला साधं ओ रक्तही चालत नाही, कारण तिच्या सीरममध्ये एच प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडं असतात. 'ओ' गटाच्या मुलाचं क्रॉसमॅच एकामागून एक सगळ्या पिशव्यांशी बिघडत असेल तर रक्तपेढीतल्या डॉक्टरांशी स्वतः बोला. घाईने 'ओ निगेटिव्ह तर चालेलच' असं म्हणू नका.

पायरी ५: रक्तपेढीला मुलाबद्दल सांगा

रक्तपेढीला तुमच्या फॉर्मवरचं तेवढंच कळतं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ते पुरत नाही.

चार महिन्यांखालचं बाळ स्वतः प्रतिपिंडं फारशी बनवत नाही. त्याच्या रक्तात फिरतात ती आईची, नाळेतून आलेली. म्हणून त्याच्या सीरमवरून गटाची उलट तपासणी करता येत नाही, आणि क्रॉसमॅचसाठी आईचा नमुनाही पाठवायचा असतो. निवडलेल्या पेशी बाळाच्या आणि आईच्या, दोघांच्या प्लाझ्माला चालणाऱ्या हव्यात. आई अजून प्रसूती वॉर्डात असेल, किंवा दुसऱ्या इस्पितळात प्रसूत झाली असेल, तर तिचा नमुना मागवायची सोय बाळ दाखल होतानाच करा. कावीळ वाढून रक्तबदल करायची वेळ आल्यावर काणकोणहून नमुना येण्याची वाट पाहणं परवडत नाही. रक्तबदलासाठी साधारण पाच दिवसांच्या आतलं रक्त मागा, कारण जुन्या पिशवीत पोटॅशियम साठलेलं असतं. दुप्पट रक्तबदलाला किलोमागे सुमारे १६० मिली लागतं.

थॅलेसीमियाच्या मुलांचं रक्त आयुष्यभराचं काम आहे. दर दोन ते पाच आठवड्यांनी ते येतात, रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन साधारण ९.५ ते १०.५ ठेवायचं असतं. पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा, आणि पहिल्या पिशवीआधीच सी, ई, केल अशा प्रतिजनांची पूर्ण तपासणी करून ठेवा. त्यावरून जुळवलेलं रक्त दिलं तर पुढे प्रतिपिंडं कमी बनतात. सिकल पेशीच्या मुलात उलट काळजी: हिमोग्लोबिन १० च्या फार वर नेलं तर रक्त दाट होतं आणि नसा तुंबतात.

नातेवाईकांचा प्रश्न हमखास येतो. बाप बाही वर करून उभा असतो: 'डॉक्टर, म्हजें रगत घे.' त्याची तळमळ खरी आहे, त्याला तोडून बोलू नका. बसवा आणि सांगा. जवळच्या नात्यातल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे तग धरतात आणि बाळाच्याच पेशींवर हल्ला करू शकतात. हा आजार विरळा, पण झाला तर बहुधा जीवघेणा. शिवाय बापाच्या पेशींवरच्या प्रतिजनांविरुद्ध आईने गरोदरपणात प्रतिपिंडं बनवलेली असू शकतात, आणि ती आता बाळाच्या अंगात आहेत. नात्यातलं रक्त द्यायचीच वेळ आली तर ते किरणोत्सर्ग दिलेलं हवं. तोवर बापाला रक्तपेढीत पाठवा. त्याचं रक्त साठ्यात जाऊ दे, ते दुसऱ्या कुणाच्या लेकराला लागेल. मे महिन्याच्या सुट्टीत आणि चवथीच्या दिवसांत अशा दात्याची किंमत आणखी वाढते.

आणि संमती. आई-वडिलांची लेखी संमती घ्या, पण सही घेण्याआधी दोन मिनिटं बोला: का देतोय, किती देतोय, काय होऊ शकतं, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस, मलेरिया यांची प्रत्येक पिशवीत तपासणी होते, तरीही धोका शून्य नाही.

पायरी ६: पिशवी वॉर्डात आली

तांबड्या पेशींची पिशवी रक्तपेढीत २ ते ६ अंश सेल्सिअसला असते. बाहेर काढल्यापासून ३० मिनिटांत सुरू करा, ४ तासांत संपवा. कॅन्युला चालते का, हे पिशवी आणायला माणूस पाठवण्याआधी बघा. वॉर्डच्या औषधांच्या फ्रीजमध्ये पिशवी ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात बुडवू नका, हीटरजवळ टांगू नका. मोठ्या प्रमाणात, भराभर द्यायची असेल किंवा रक्तबदल असेल तरच योग्य ब्लड वॉर्मर वापरायचा.

मग दोघांनी, डॉक्टर आणि सिस्टर, पाळण्याशेजारी उभं राहून मोठ्याने वाचायचं. एकाने मुलाच्या मनगटावरची पट्टी, दुसऱ्याने पिशवीचं लेबल: नाव, क्रमांक, गट, पिशवीचा क्रमांक, मुदत, क्रॉसमॅचची चिठ्ठी. केस पेपरवरून वाचू नका, तो दुसऱ्या पाळण्याचा असू शकतो. पिशवी उजेडात धरा. गुठळ्या, जांभळट-काळा रंग, बुडबुडे, गळती दिसली तर परत पाठवा. मध्येच फोन आला, कुणी हाक मारली तर तपासणी पहिल्यापासून सुरू करा.

रक्ताला १७० ते २०० मायक्रॉनची गाळणी असलेलाच सेट लागतो. सिरिंज पंपावर द्यायचं असेल तर रक्त गाळणीतून सिरिंजमध्ये ओढा. छोट्या मात्रेत सेटच्या नळीतच बरेच मिली अडकून राहतात, ते हिशेबात धरा. त्याच कॅन्युलातून नॉर्मल सलाइनखेरीज काहीही नको. डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात. पिशवीत कोणतंही औषध टोचायचं नाही.

रक्ताआधी 'एविल आणि हायड्रोकॉर्ट' (ॲलर्जीचं औषध आणि स्टिरॉइड) देण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. सगळ्यांनाच ती देण्याला आधार नाही. ज्या मुलाला पूर्वी ॲलर्जीची रिअ‍ॅक्शन आली आहे त्याच्यासाठी ठेवा. इतरांना या औषधांनी फक्त झोप येते, आणि झोपलेल्या मुलातली पहिली खूण तुमच्या नजरेतून सुटते.

पायरी ७: पहिली पंधरा मिनिटं, आणि बिघडलं तर

सुरू करण्याआधी ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजनची पातळी लिहा. पहिली पंधरा मिनिटं गती कमी ठेवा आणि तिथेच थांबा. पंधराव्या मिनिटाला पुन्हा लिहा, मग दर तासाला, आणि संपल्यावर. आईला सांगून ठेवा: अंगावर पुरळ, थंडी, अचानक रडणं, श्वासाचा आवाज, डायपरमध्ये लालसर किंवा काळपट लघवी, यातलं काहीही दिसलं तर लगेच हाक मारा. बाळाचं नेहमीचं रडणं कसं असतं हे आईलाच ठाऊक असतं.

काहीही वेगळं वाटलं तर पहिलं काम: रक्त बंद. कॅन्युला काढू नका. नवा सेट लावून सलाइन चालू ठेवा. श्वास, रक्ताभिसरण बघा. मग पट्टी आणि पिशवी पुन्हा जुळवा. चूक पिशवीची असेल तर ती इथेच कळते, आणि शेजारच्या पाळण्यावर तिची जोडीदार चुकीची पिशवी चालू असू शकते, तेही बघा.

नुसतं पुरळ असेल, बाकी सगळं ठीक, तर अँटिहिस्टामिन देऊन पुरळ ओसरल्यावर हळू गतीने पुन्हा सुरू करता येतं. ताप एक अंशाने किंवा अधिक वाढला तर 'रक्ताने येतो थोडा ताप' म्हणून पॅरासिटामॉल देऊन पुढे जाऊ नका. तोच ताप पेशी फुटण्याचा पहिला इशारा असू शकतो, किंवा पिशवीतल्या जंतूंचा. थरथर, रक्तदाब उतरणं, पोटात-पाठीत दुखणं, लाल लघवी दिसली तर ती पिशवी त्या मुलासाठी संपली. घशात घरघर, ओठ सुजले, रक्तदाब गेला तर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन, एकास हजार प्रमाणातलं, किलोमागे ०.०१ मिली. धाप लागली तर दोन शक्यता: भार जास्त झाला, यात रक्तदाब वाढलेला, यकृत मोठं, फुरोसेमाइडने आराम. किंवा रक्तामुळे फुप्फुसाला झालेली इजा, जी सहा तासांपर्यंत कधीही दिसू शकते, आणि तिथे फुरोसेमाइडचा फारसा उपयोग नाही, ऑक्सिजन आणि आधार लागतो.

उरलेली पिशवी सेटसकट, बंद करून, रक्तपेढीत परत पाठवा. दुसऱ्या हातातून ताजी ईडीटीए आणि साधी नळी, शिवाय पहिली लघवी. रिअ‍ॅक्शनचा फॉर्म भरा. भारतात हिमोव्हिजिलन्सचा (रक्त देताना आलेल्या रिअ‍ॅक्शनच्या नोंदींचा) राष्ट्रीय कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ पासून नोएडाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायॉलॉजिकल्समार्फत चालतो, त्यात नोंदी रक्तपेढीमार्फत जातात. फॉर्म भरला म्हणजे कुणाची तक्रार केली असं होत नाही.

डेंगीचे दिवस: प्लेटलेट आणि प्लाझ्मा

जून सरला की गोव्यातल्या बालरोग वॉर्डात रोज संध्याकाळी एकच प्रश्न असतो: 'प्लेटलेट किती झाले?' नातेवाईकांना तो आकडा पाठ असतो. तुम्ही मात्र आकड्याआधी मुलाकडे बघा: हातपाय गार आहेत का, नाडी कशी आहे, रक्तदाबाच्या वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर कमी झालंय का, लघवी होते का, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतोय की उतरतोय. डेंगीत मूल दगावतं ते बहुधा गळलेल्या प्लाझ्माने आलेल्या शॉकमुळे. रक्तस्राव नसताना केवळ ३०,००० आकडा आहे म्हणून प्लेटलेट देऊन फायदा नाही, उलट द्रवाचा भार वाढतो. पण मूल शॉकमध्ये आहे, द्रव दिलेत, तरी हिमॅटोक्रिट उतरतोय आणि प्रकृती सुधारत नाही, तर आत कुठेतरी रक्त वाहतंय असं समजा आणि रक्त द्या: किलोमागे ५ ते १० मिली पॅक्ड सेल, किंवा १० ते २० मिली ताजं संपूर्ण रक्त.

प्लेटलेटची मात्रा किलोमागे ५ ते १० मिली, अर्ध्या ते एक तासात. त्या २० ते २४ अंशांना, सतत हलत्या यंत्रावर ठेवतात आणि पाच दिवस टिकतात. चुकूनही फ्रीजमध्ये नको. उबेला ठेवल्यामुळे जंतू वाढण्याचा धोका त्यांच्यातच जास्त, म्हणून प्लेटलेट चालू असताना आलेला मोठा ताप गंभीर समजा. मुदतपूर्व बाळांत रक्तस्राव नसेल तर मर्यादा २५,०००. प्लॅनेट-२ चाचणीत (२०१९) ५०,००० वर देणं सुरू केलेल्या बाळांत मृत्यू आणि मोठा रक्तस्राव जास्त झाला.

प्लाझ्मा किलोमागे १० ते १५ मिली, गोठण्याचे घटक कमी असून रक्त वाहत असेल तर. अल्ब्युमिन वाढवायला किंवा द्रव म्हणून नाही. त्याचे गट पेशींच्या उलट चालतात: सगळ्यांना चालणारा प्लाझ्मा एबी गटाचा. फायब्रिनोजेन (गोठण्याचा एक घटक) हवं असेल तर क्रायो, म्हणजे गोठवलेल्या प्लाझ्मापासून वेगळा काढलेला भाग.

हे अंगवळणी पाडायचं कसं

वाचून यातलं निम्मं राहतं. पहिल्या महिन्यातच एक सकाळ रक्तपेढीत घालवा, दात्याच्या खुर्चीपासून क्रॉसमॅचच्या बाकापर्यंत. मागवलेली पिशवी वेगळी करायला किती वेळ लागतो ते डोळ्यांनी पाहिलंत की फोनवर तंत्रज्ञावर ओरडणं आपोआप थांबतं. वॉर्डात महिन्यातून एकदा खोट्या रिअ‍ॅक्शनची तालीम घ्या: सिस्टर सांगतील 'बाळ थरथरतंय', आणि तुम्ही क्रमाने हात चालवून दाखवायचा. वरिष्ठांनाही विनंती आहे, राउंडवर 'आरएच म्हणजे काय' विचारण्याऐवजी असे प्रश्न विचारा: नऊ किलो, हिमोग्लोबिन ५, मलेरिया, किती मिली आणि ताशी किती? चार तासांत पिशवी संपली नाही, आता काय? बाळ ए, आई ओ, पेशी कोणत्या मागणार? कोणत्या नळ्या आधी काढल्या?

डिस्चार्ज कार्डावर

रक्त दिल्याची तारीख, घटक, मिली, गट, आधीचं आणि नंतरचं हिमोग्लोबिन लिहा. रिअ‍ॅक्शन आली असेल तर ती ठळक अक्षरांत. एचपीएलसी पाठवली असेल तर निकाल कधी, कुठे मिळेल ते. आणि लसीकरण: रक्त किंवा प्लाझ्मामधल्या प्रतिपिंडांमुळे गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसीचा परिणाम कमी होतो, म्हणून घटकानुसार तीन ते सात महिने थांबावं लागतं. पोलिओचे थेंब वेळेवर द्यायचे. ही तारीख कार्डावर असेल तर वाळपईच्या किंवा पेडण्याच्या आरोग्य केंद्रातली नर्स मुलाला योग्य महिन्यात परत बोलावेल. नसेल तर ती नऊ महिन्यांच्या त्या मुलाला ठरलेल्या दिवशी लस देऊन मोकळी होईल, आणि ती लागू पडली नाही हे कुणाला कळणारही नाही. कार्ड आईच्या हातात देताना ती ओळ तिला वाचून दाखवा आणि परत यायची तारीख तिच्याकडून वदवून घ्या.